चौकट सागाची, कपाट रबरवुडचं

सुरतेत पॉलिशवाल्याला गिऱ्हाईक पहिल्याच भेटीत मोबाइल दाखवतं. पडद्यावर एखाद्या हॉटेलची लॉबी असते, नाहीतर वेसूतल्या कुठल्या तरी नव्या फ्लॅटचा दिवाणखाना, आणि सोबत ठरलेलं वाक्य: "भाई, आ ज कलर जोईए." हाच रंग हवा. घरात जाऊन बघावं तर मुख्य दाराची चौकट सागाची, कपाटांची दारं विनियरची, पलंग रबरवुडचा आणि आजोबांच्या वेळचं देवघर शिसवीचं. या सगळ्यांवर फोटोतला एकच तपकिरी रंग उतरावा अशी अपेक्षा असते. दुकानातून 'वॉलनट' लिहिलेला डबा आणला की काम झालं, असं त्यांना मनापासून वाटतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. डब्यावर एका झाडाचं नाव असतं, झाकणावर रंगाचा चौकोन छापलेला असतो. बघणाऱ्यानं आणखी काय समजायचं?

तोच डबा सागावर मारला तर सोनेरी झाक असलेला तपकिरी येतो. रबरवुडवर तो फिका आणि किंचित गुलाबी पडतो. पाइनवर जागोजागी काळपट धब्बे उठतात. शिसवीवर तर काही मारलंय हे कळतसुद्धा नाही. दिसणाऱ्या रंगाचा निम्मा भाग डब्यातून येतो, उरलेला लाकडातून. माझी सगळी उमेद त्या उरलेल्या भागावर खर्च झाली आहे.

माझे वडील अमळनेरकडून उधन्याला आले ते लूमवर काम करायला. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात फिरताना इतकी अहिराणी कानावर पडते की आपण तापीच्या या टोकाला आलोय हे लक्षात येत नाही. आमच्या घरातली बाकी माणसं कापडात गेली. मी लाकडाकडे वळलो, कारण रांदेरच्या एका उस्तादांना हाताखाली पोरगा हवा होता. त्यांनी मला बरेच दिवस पॉलिशला हात लावू दिला नाही. आधी घासायला शिकवलं, मग ओळखायला. फळी पुढ्यात टाकायचे, ओलं फडकं हातात द्यायचे आणि म्हणायचे, "पहले पानी दिखाओ, फिर बोलो."

पाणी दाखवलं की लाकूड आपला खरा रंग सांगतं. कोरड्या, घासलेल्या पृष्ठभागावर उजेड विखुरतो, त्यामुळे सगळी लाकडं जरा पांढरट, धुळकट दिसतात. ओलं केलं की ते विखुरणं थांबतं आणि पारदर्शक पॉलिशखाली लाकूड जसं दिसणार तसं घटकाभर दिसतं. पाण्यानं लाकडाचे तंतू उभे राहतात म्हणून पुढे पुढे उस्ताद स्पिरिट वापरायला सांगत. ते लवकर उडतं आणि तंतूंना हात लावत नाही. आजही नव्या साइटवर गेलो की रंगाचं नाव काढण्याआधी मी प्रत्येक लाकडाच्या कोपऱ्यावर स्पिरिटचं बोट फिरवतो. कोण पिवळं आहे, कोण तांबूस, कोण करडं, हे तिथेच कळतं. रंग जुळवणं सुरू होतं ते इथून. गडद-फिकटपणा नंतर सांभाळता येतो. मूळची झाक चुकली तर वर कितीही हात मारले तरी दोन लाकडं शेजारी बसत नाहीत.

एका घरात इतकी लाकडं येतात कुठून, हे या गावाचा इतिहास बघितला की समजतं. सुरतेच्या पाठीशी डांगचं जंगल आहे. डांगी आणि वलसाडी साग मुंबईपर्यंत नावाजलेला होता. गायकवाडांच्या बडोदा संस्थानानं बिलिमोरा ते वघई ही नॅरोगेज रेल्वे 1913मध्ये सुरू केली ती मुख्यतः या लाकडासाठी. त्याआधी सुरत हेच जहाजबांधणीचं गाव होतं. मुंबईची गोदी उभी करायला ईस्ट इंडिया कंपनीनं 1736मध्ये ज्या लवजी नसरवानजी वाडियांना बोलावून नेलं, ते सुरतेचे सुतार. जुन्या शहरात, गोपीपुऱ्यात किंवा सय्यदपुऱ्यात एखादा जुना खांब घासला तर आतून जो दाट, तेलकट साग निघतो तो आजच्या बाजारात मिळत नाही.

तापीपलीकडचं रांदेर वेगळं. तिथल्या व्यापाऱ्यांची रंगूनशी पिढ्यान्‌पिढ्या ये-जा होती. रांदेरात आज रस्त्यावर खावसा हा नूडल्सचा पदार्थ मिळतो तो त्याच येण्याजाण्यातून आलेला, आणि त्याच वाटेनं ब्रह्मदेशी साग आला. सरळ रेषा, कमी गाठी, मधासारखा एकसारखा रंग. म्यानमारनं एप्रिल 2014पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हापासून खरा बर्मा साग मिळणं अवघड आणि महाग झालं. आता कांडला बंदरातून आफ्रिकेचा आणि दक्षिण अमेरिकेचा लागवडीचा साग येतो. झाड साग आहेच, त्यात फसवणूक नाही. पण ते झाड लवकर वाढलेलं आणि लवकर तोडलेलं असतं. वर्षांची वलयं रुंद, रंग फिका, आणि सालीकडचं पांढरं लाकूड जास्त. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, बाजारात ज्याला 'सीपी' म्हणतात तो साग या दोघांच्या मधला: रंगाला चांगला, गाठी आणि काळ्या रेषा मात्र अधिक. म्हणजे नुसतं 'साग' म्हटलं तरी तीन-चार वेगळी लाकडं समोर येतात, आणि त्यांच्यावर एकच स्टेन, म्हणजे लाकडाला द्यायचा रंग, एकसारखा बसत नाही.

स्टेनचं आतलं काम थोडक्यात सांगतो. रंग दोन जातींचा असतो. एक म्हणजे बारीक वाटलेली भुकटी: गेरू, पिवळी माती, काजळी, अंबर ही तपकिरी माती. ही विरघळत नाही. ती लाकडाच्या छिद्रांत आणि घासण्याच्या ओरखड्यांत जाऊन बसते. दुसरा म्हणजे पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग. तो तंतूंच्या आत शिरतो आणि दाट लाकडालाही रंगवतो. सागाला मोठी छिद्रं आहेत, त्यामुळे भुकटी त्यात छान बसते आणि रेषा उठून दिसतात. बीचसारख्या बारीक पोताच्या लाकडात बसायला जागाच नसते, तिथे भुकटी पुसली की निघून येते. म्हणून फळी किती नंबरच्या कागदानं घासली यावरही शेड ठरते. 120 नंबरवर थांबलं तर ओरखडे जास्त, रंग गडद. 220पर्यंत गेलं तर तोच स्टेन एक पायरी फिका. फळीचं आडवं कापलेलं टोक रंग पिऊन काळं पडतं, म्हणून टोकं मी 320नं घासून ठेवतो. सुताराच्या माणसानं एक दार 120नं घासलं आणि दुसरं 220नं, तर दोष पॉलिशवाल्याच्या नावावर जातो. सुतारकाम चालू असतानाच मी साइटवर चक्कर मारतो ती याच कारणासाठी.

पाइनबद्दल दोन शब्द जास्त बोलायला हवेत, कारण सध्या मुलांच्या खोल्यांत तोच येतो. कोऱ्या पाइनमध्ये वलयाचा उशिरा वाढलेला भाग गडद आणि टणक असतो, आधी वाढलेला भाग फिका आणि मऊ. स्टेन मारला की मऊ भाग रंग ओढून घेतो, टणक भाग घेत नाही. जे फिकं होतं ते गडद होतं आणि जे गडद होतं ते फिकं राहतं. लाकडाची रेषा उलटी होते, फोटोची जुनी निगेटिव्ह बघावी तशी. सागाशेजारी हे बसवायचं असेल तर आधी तहान भागवावी लागते. एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण 60 ग्रॅम चपडा विरघळवून त्याचा एक पातळ हात द्यायचा, वाळला की हलकं घासायचं, आणि मग स्टेन. लाख अर्धी छिद्रं बंद करते, रंग सगळीकडे सारखा जातो. चपडा म्हणजे पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांची राळ. झारखंडात तिचं मोठं उत्पादन होतं. नव्या पोरांना मेलामाइन आणि पीयू या नव्या पॉलिशांपुढे चपडा जुनाट वाटतो. माझ्या मते रंग जुळवणाऱ्याच्या हाताशी इतकी उपयोगी दुसरी वस्तू नाही. ती कोणत्याही लाकडावर बसते, तिच्यावर जवळजवळ काहीही बसतं, आणि नको झाली तर स्पिरिटनं पुसून टाकता येते.

उजेडाची गोष्ट मी लाकूडवाल्यांकडून शिकलो नाही. आमच्या गल्लीत पांडेसऱ्याच्या एका डाइंग हाउसमध्ये कलर मास्टर असलेले शेजारी राहत. त्यांनी एकदा त्यांच्या लॅबमध्ये नेलं. तिथे आतून राखाडी रंगवलेली एक पेटी होती. कापडाचे दोन तुकडे आत ठेवायचे आणि वरची बटणं एकेक दाबायची. 'डी-65' म्हणजे ठरवून दिलेला दिवसाचा उजेड, 'टीएल-84' म्हणजे दुकानांतली ट्यूब, आणि 'ए' म्हणजे जुना पिवळा बल्ब. दिवसाच्या उजेडात तंतोतंत एक दिसणारे दोन तुकडे पिवळ्या बल्बखाली वेगळे झाले, एक हिरवट आणि एक तांबूस. "भाऊ, उजेड बदलना का रंग बी बदलस," ते म्हणाले. दोन तुकडे वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी एकाच शेडला आणले असतील तर ते सगळ्या उजेडात एक राहतील याची खात्री नसते. त्या धंद्यात याला मेटामेरिझम म्हणतात आणि त्यापायी मालाचे ताके परत येतात.

लाकडात हे जास्तच घडतं, कारण सागाचा पिवळेपणा त्याच्या स्वतःच्या द्रव्यांतून आलेला असतो आणि रबरवुडचा मी बाटलीतून आणलेला असतो. पॉलिशचं काम चालू असताना फ्लॅटमध्ये दिवे लागलेले नसतात. वायरीला लोंबणारा एक बल्ब असतो आणि खिडक्यांना पडदे नसतात. त्या उजेडात जुळवलेलं सगळं गृहप्रवेशाच्या दिवशी छतातल्या पिवळ्या एलईडीखाली बघितलं जातं. त्या लॅबमधून आल्यापासून मी काम घेताना आधी इलेक्ट्रिशियनला गाठतो. कोणत्या खोलीत कोणता दिवा लागणार, 3000 केल्विनचा पिवळा की 6500चा पांढरा, हे विचारतो आणि तो एक दिवा नमुना म्हणून मागून घेतो. नमुन्याची पट्टी सकाळी खिडकीत बघायची, रात्री त्या दिव्याखाली बघायची, आणि दोन्हीकडे बसली तरच पुढे जायचं.

शेजारचा रंगही आपला परिणाम करतो. फ्रान्समध्ये गोबलँ नावाच्या, चित्रपडदे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ 1824पासून रंगशाळेचे प्रमुख होते. काळा धागा फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर रंग पक्का होता. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो डोळ्याला फिका दिसत होता. त्यावर त्यांनी 1839मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. मला हे त्या कलर मास्टरांनीच सांगितलं, आणि ते ऐकल्यापासून पांढऱ्याशुभ्र भिंतीला लागून येणारी चौकट आणि राखाडी भिंतीसमोरचं कपाट मी एकाच पट्टीवरून ठरवत नाही. पांढऱ्याशेजारी लाकूड आहे त्याहून गडद दिसतं. भिंतीचा रंग ठरला नसेल तर पॉलिश थांबवायला सांगतो. इंटिरियरवाल्यांना हे आवडत नाही, पण मला ते बरोबर वाटतं.

हे सगळं एकत्र आलं रांदेरच्या एका घरात. घरातल्या पणजोबांचं रंगूनला दुकान होतं. दाराची जोडी, चौकट आणि जिना बर्मा सागाचा, तिथूनच आणलेला. ऑगस्ट 2006मध्ये उकाई धरणाचं पाणी सोडलं आणि तापीनं सुरतेचा मोठा भाग बुडवला, तेव्हा रांदेर आणि अडाजण कित्येक फूट पाण्यात होतं. त्या पुरात दाराची खालची पॅनलं फुगून निखळली. घाईत मिळेल त्या लागवडीच्या सागाची नवी बसवली आणि फरक लपवायला सगळ्यावर गडद व्हार्निश चोपडलं. मला बोलावलं तेव्हा त्यांना ते व्हार्निश काढून मूळचा साग उघडा करायचा होता, आणि दाराशेजारच्या भिंतीला पुस्तकांसाठी एक नवं कपाट हवं होतं. कपाट रबरवुडचं बनवायचं आधीच ठरलं होतं, कारण तेवढा साग परवडत नव्हता. जुना बर्मा साग, नवा लागवडीचा साग आणि केरळातलं रबरवुड, तिन्ही हाताच्या अंतरावर आणि एकाच खिडकीच्या उजेडात.

पहिला निर्णय असा असतो की पुढे कोणी चालायचं आणि मागून कोणी यायचं. फिकं लाकूड गडद करता येतं. गडद लाकूड फिकं करायचं म्हणजे ब्लीच, आणि जुन्या सागावर ब्लीच मारण्याची कल्पनाही मला सहन होत नाही. म्हणून जे बदलता येत नाही तेच पुढे चालतं. इथे ते जुनं दार होतं.

घरातल्या मुलानं घासायचं मशीन भाड्यानं आणून ठेवलं होतं. ते मी लावू दिलं नाही. जुन्या सागाचा खोल रंग वरच्या अगदी पातळ थरात असतो. उजेड आणि हवा यांनी तो वर्षानुवर्षं पिकवलेला असतो. मशीन फिरवलं की तो थर भुकटी होऊन जमिनीवर पडतो आणि खालून फिका, नवा साग वर येतो. मग शंभर वर्षांच्या दाराला बाजारातल्या कालच्या फळीचा रंग येणार. आम्ही व्हार्निश रिमूव्हरनं मऊ केलं, लाकडी पट्टीनं रेषेच्या दिशेनं ओढून काढलं आणि स्पिरिटच्या फडक्यानं पुसलं. काम हळू झालं. खालून मधाचा रंग आला तेव्हा घरातल्या दादी खुर्ची घेऊन दारासमोर येऊन बसल्या.

खिळ्यांभोवती काळे डाग होते. लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन यांचा तो संयोग. पुराच्या पाण्यानं मुबलक ओल दिली होती. ऑक्झॅलिक आम्लाचे खडे गरम पाण्यात विरघळवून ब्रशनं लावले तर हे डाग फिके होतात आणि लाकडाच्या रंगाला फारसा धक्का लागत नाही. ते विषारी असतं, म्हणून हातमोजे हवेत, आणि नंतर पुन्हा पुन्हा पाण्यानं धुवावं लागतं. आम्ल राहिलं तर त्यावरचं पॉलिश बिघडतं आणि घासताना त्याची धूळ नाकात जाते.

रबरवुडचं काम उलट्या दिशेनं. ते पांढरट, किंचित गुलाबी. सागाची स्वतःची पिवळी जमीन त्याला नाही, म्हणून आधी ती जमीन तयार करायची. पाण्यातला पिवळा रंग अगदी पातळ करून दिला. नुसता बघितला तर हळद लागल्यासारखा वाटावा. मुलगा घाबरला. त्याला म्हटलं, अजून काही बघू नकोस. त्यावर चपड्याचा पातळ हात, मग छिद्रांत अंबर आणि थोडा गेरू घोटून भरला, पुसून काढला. रबरवुडची छिद्रं बऱ्यापैकी मोठी असल्यानं त्यात आखूड तपकिरी रेघा उमटल्या आणि लाकडाला पोत आला. शेवटी चपड्यातच चिमूटभर रंग घालून कापडाच्या बोळ्यानं, दाराकडे बघत, जिथे कमी तिथे एकेक हात. नव्या सागाच्या पॅनलमध्ये सालीकडच्या पांढऱ्या पट्ट्या होत्या. त्यांना बारीक ब्रशनं वेगळा रंग द्यावा लागला, आणि त्या पट्टीची कड गाभ्याच्या रंगात विरून जाईल असं बोटानं पसरवावं लागलं. वरचं शेवटचं पॉलिश तिन्हींवर एकाच चमकेचं घेतलं. एक लाकूड मॅट आणि दुसरं चकचकीत असेल तर रंग एक असूनही मॅट फिकं दिसतं.

आणि तरीही काम संपल्यावर नवी पॅनलं जुन्या दारापेक्षा एक शेड फिकी होती. मी ती तशीच ठेवली होती. मुलाला ते पटेना. त्याचं म्हणणं सरळ होतं: कपाट जुळलं, मग पॅनल का नाही? मी त्याला गच्चीवरची पट्टी आणून दाखवली. काम सुरू करतानाच त्याच नव्या सागाच्या तुकड्यावर तेच पॉलिश मारून, अर्ध्यावर काळा कागद घट्ट बांधून मी ती उन्हात ठेवली होती. कागद सोडला तर आत एक रंग, बाहेर दुसरा. उघडा भाग चांगलाच गडद आणि सोनेरी झाला होता. सागाचं हे असंच असतं. ताजा कापलेला साग हिरवट-पिवळा, डागाळ दिसतो आणि उजेडात पिकत जातो. आज मी पॅनल दाराशी तंतोतंत जुळवलं असतं तर वर्षभरानं ते दारापेक्षा गडद झालं असतं, आणि गडद झालेलं मागे आणता येत नाही. रबरवुडवरचा रंग बहुतेक माझा आहे. तो फारसा पिकणार नाही, म्हणून तो आजच पुरा ठेवला. दादींनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि मुलाला म्हणाल्या की राहू दे, यांना माहीत आहे.

मला या कामाबद्दल मनापासून काही सांगायचं असेल तर ते हेच आहे. लाकूड आमच्या हातून गेल्यावरही बदलत राहतं, आणि प्रत्येक लाकूड वेगळ्या दिशेनं बदलतं. साग आणि पाइन गडद होतात. शिसव आणि अक्रोड कडक उन्हात हळूहळू फिके पडतात. विरघळणारे काही रंग उजेडात उडतात, भुकटीचे टिकतात, म्हणून पश्चिमेच्या काचेसमोर येणाऱ्या कपाटाला मी विरघळणारा रंग शक्यतो लावत नाही. जुनं एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर स्वतःच पिवळं पडत जातं आणि खालच्या फिक्या लाकडाला आपल्यासोबत ओढतं. ताबा देण्याच्या दिवशी सगळं एक दिसावं असं गिऱ्हाइकाला वाटतं. पॉलिशवाल्यानं नजर पुढच्या दोन-तीन वर्षांवर ठेवली पाहिजे. धनत्रयोदशीच्या आधी काम उरकायचं असतं तेव्हा हे समजावणं अवघड जातं, पण समजावलं पाहिजे.

काही वेळा मात्र जुळवायचंच नाही असं मी सांगतो. शिसवीचं देवघर आणि सागाचं दार यांना एका रंगात आणायचं म्हणजे सागावर इतका गडद थर द्यायचा की खाली साग आहे हे कळू नये. अलीकडे सगळं घर गडद काळपट करून घ्यायची टूम निघाली आहे, त्यात हेच होतं. रेषा गेली, पोत गेला, मग लाकूड कशाला हवं? सुरतेच्या सादेली कामाच्या पेट्या ज्यांनी बघितल्या असतील त्यांना माझं म्हणणं पटेल. साग, शिसव, रंगवलेलं लाकूड, पूर्वी हस्तिदंतही, यांच्या बारीक सळ्या एकत्र चिकटवायच्या, त्या जुडीचे आडवे पातळ काप काढायचे आणि ते काप पेटीवर बसवायचे. चांदण्या, षट्कोन, जाळ्या, सगळं दोन शेजारच्या लाकडांच्या रंगांतल्या फरकातून उभं राहतं. आता ही कला जाणणारी मोजकीच कुटुंबं सुरतेत उरली आहेत. त्यांचं काम बघितल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली: डोळ्याला खुपतो तो थोडासा फरक. पुरता वेगळा रंग डोळा सहज स्वीकारतो. देवघर शिसवीचं आहे तर ते शिसवीचं दिसू द्या, आणि दाराला त्याच्या जवळपास फिरकू देऊ नका.

पावसाळ्यात मी जुळवणीचं शेवटचं काम घेत नाही. सुरतेची जुलैची हवा इतकी दमट असते की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पॉलिश धुरकट पांढरं होतं. गडद शेडवर ते लगेच दिसतं आणि त्या पांढरटपणाखाली रंगाचा अंदाज लागत नाही. मंद उडणारं थिनर घालून ते टाळता येतं, पण दिवसाचा उजेडही ढगातून आलेला करडा असतो. घासणं, लांबी भरणं, सीलर मारणं ही कामं त्या दिवसांत करावीत. रंगाचा निर्णय नवरात्रावर ठेवावा.

हाताखालच्या पोरांना मी प्रत्येक नमुन्याच्या पट्टीमागे पेन्सिलनं लिहायला लावतो: लाकूड कोणतं, कुठून आलं, किती नंबरनं घासलं, कोणते रंग किती, कोणत्या दिव्याखाली पास झालं. पट्टीचे दोन तुकडे करायचे. एक गिऱ्हाइकाकडे, एक आमच्या पेटाऱ्यात, अंधारात. काही वर्षांनी कोणी ओरखडा दुरुस्त करायला बोलावलं की दोन्ही तुकडे शेजारी ठेवले जातात, आणि घरातल्या उजेडानं त्या लाकडाचं काय केलं ते दिसतं. दुरुस्तीचा रंग मी घरातल्या तुकड्यावरून ठरवतो.

ताबा देताना घरातल्या बाईंना बाजूला घेऊन सांगतो: बेन, पहिलं वर्षभर टेबलावर एकाच जागी टेबलक्लॉथ ठेवू नका. कपाटावरची फ्लॉवरपॉटं आणि फ्रेम अधूनमधून सरकवत राहा. पडदा अर्धाच ओढून ठेवायची सवय असेल तर बाजू बदला. सागाला जिथे उजेड लागणार नाही तिथे तो फिका राहील आणि त्या वस्तूचा आकार लाकडावर उमटेल. उमटलाच तर घाबरू नका, वरची वस्तू उचलून ती जागा उघडी ठेवा, सावकाश भरून येईल. त्यासाठी मला बोलवायची गरज नाही.